मे महिन्यातले दोन रविवार



मे महिन्यात सलग दोन रविवार आम्ही चौघेही चर्चमध्ये दिसलो नाही. परत आल्यावर दारातच विचारणा झाली. ती प्रेमाचीच होती, हे आम्हाला ठाऊक आहे. कोणी म्हणालं, "घरात आजारपण होतं काय?" कोणी म्हणालं, "मुलांचं बायबल शिबिर तोंडावर असताना गेलात?" एका ज्येष्ठ बंधूंनी मात्र आडपडदा न ठेवता सांगितलं, की सेवेकऱ्यानं असं अकरा दिवस गायब होणं मंडळीला बरं नव्हे. आणि बेळगावहून इंदूरला तेही मोटारीनं? रेल्वे आहे, विमान आहे. साडेनऊशे किलोमीटर रस्त्यानं जायचं म्हणजे वेळ आणि पेट्रोल दोन्ही वाया.

चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो. आमचं म्हणणं त्या बंधूंच्या अगदी उलट आहे. मंडळीत राबणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं वर्षातून एकदा तरी असं एकत्र लांब निघावं, आणि मंडळीनं त्यांची वाट अडवण्याऐवजी त्यांना आपण होऊन पाठवावं. सुट्टी मागायला लागू नये. यादीतच असावी.

आधी आठवडा कसा जातो ते बघा. आमच्यापैकी एक जण उद्यमबागेत मशीन शॉपवर आहे, पाळी दर आठवड्याला बदलते, आणि महिन्याच्या शेवटी डिस्पॅच असला की ओव्हरटाइम ठरलेलाच. दुसरी रुग्णालयात सिस्टर आहे, महिन्यातून सात-आठ रात्री ड्यूटी. मुलगा दहावीत गेलाय, सकाळी क्लास, मग शाळा, मग पुन्हा क्लास. मुलगी नऊ वर्षांची. आता यात मंडळीचं काम घाला. बुधवारी घरोघरची प्रार्थनासभा, शुक्रवारी कॉयरची प्रॅक्टिस, दुसऱ्या शनिवारी महिला मंडळ, महिन्याच्या पहिल्या रविवारी कमिटी. लग्न, दफनविधी, आजाऱ्यांच्या भेटी वेगळ्या. ही तक्रार नव्हे. या कामात आम्हाला आनंद आहे, आणि ते सोडायचा विचार नाही.

पण रविवारी चर्चमध्ये आम्ही चौघे कुठे असतो? एक दारापाशी, लोकांना जागा दाखवायला आणि दानाच्या थैल्या फिरवायला. एक पुढे कॉयरमध्ये. मुलगा साउंडच्या टेबलामागे, माइकची वायर धरून. मुलगी मागच्या खोलीत संडे स्कूलला. एकाच छपराखाली चार कोपऱ्यांत. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर कुटुंब, सगळेच सेवेत! बरोबर आहे, सगळेच सेवेत. एका बाकावर मात्र कोणीच कोणाशेजारी नाही. आपल्या मंडळीतली सात-आठ घरं तरी अशीच बसतात. पुढच्या रविवारी मान वळवून बघा.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली बारा वर्षांच्या येशूची गोष्ट आपण किती वेळा ऐकलीय. संडे स्कूलच्या नाताळाच्या कार्यक्रमातही असते. उपदेश मात्र बहुतेक वेळा मंदिरावर होतो: बाळ येशू गुरुजनांमध्ये बसला, प्रश्न विचारले, पित्याच्या घरात असणं त्याला भाग होतं. आमचं लक्ष या वेळी रस्त्यावर गेलं. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडणाला जात, असं लूक सांगतो. नासरेथ ते यरुशलेम म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, पायी तीन-चार दिवसांहून कमी नाही. योसेफ हा सुतारकाम करणारा माणूस. हाताला काम नाही तर घरात धान्य नाही, भरपगारी रजा कोण देणार? तरी दरवर्षी जाऊन-येऊन पंधरवडा तो रस्त्यासाठी काढायचा, आणि घरातल्यांना घेऊन.

याच गोष्टीत आणखी एक जागा आहे. परत येताना एक दिवसाची वाट चालून होईपर्यंत आई-बापांच्या ध्यानात आलं नाही की मुलगा बरोबर नाही. त्यांना वाटलं, असेल सोबतच्या लोकांत, नातेवाइकांत कुठेतरी. त्यांना दोष द्यायचा नाही, तांडा मोठा होता आणि माणसं विश्वासाची होती. आजच्या मंडळीत नेमकं हेच घडतं. मुलगा असेल साउंडच्या टेबलावर, मुलगी असेल संडे स्कूलच्या टीचरबरोबर. माणसं विश्वासाचीच आहेत. त्यामुळेच दिवसभराची वाट नव्हे, दोन-तीन वर्षांची वाट चालून जाते आणि कोणी मागे वळून मोजत नाही.

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे आई-बापांना सांगतो, की देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर ठसवा, आणि कधी कधी ते वेळही सांगतो: घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. चार वेळा सांगितल्या आहेत. घरी बसणं आमच्या घरात होत नाही. निजताना एक जण ड्यूटीवर. उठताना धावपळ. राहिली ती वाट.

म्हणून आम्ही वाट धरली. आता ती थोडी सविस्तर सांगतो, कारण "गाडीत बसून काय मिळणार" हा प्रश्न अनेकांचा आहे.

शुक्रवारी पहाटे निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, पाण्याचा मोठा कॅन. इंदूरच्या घरासाठी कुंद्याचे दोन डबे. निघण्याआधी आवारात उभं राहून प्रार्थना केली आणि मागच्या सीटवरचे पट्टेसुद्धा लावले. हे मुद्दाम लिहितो. आपल्यात प्रार्थना करून निघणारे पुष्कळ, मागे बसून पट्टा लावणारे थोडे, आणि "प्रभू सांभाळेल" म्हणत रात्री तीन वाजता डोळे चोळत गाडी हाकणारे तर फारच. दुसरी रुग्णालयात काम करते हे वर सांगितलंय. महामार्गावरून पहाटे कोणत्या अवस्थेत माणसं येतात, ते तिला विचारा. आम्ही दर दोन तासांनी ड्रायव्हर बदलला आणि मुक्काम तीन केले. फोनचं असं ठरवलं होतं: नकाशासाठी एक फोन पुढे, बाकीचे तीन डिकीत पिशवीत. पहिले दोन तास मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता.

संकेश्वरला हिरण्यकेशी लागली तेव्हा मुलीनं वही काढली. नदी आली की नाव लिहायचं, पाणी आहे की नाही ते लिहायचं. निपाणीपाशी वेदगंगा, कागलच्या अलीकडे दूधगंगा, कोल्हापुरात पंचगंगा, पुढे वारणा, कराडला कोयना, भुईंजला कृष्णा, शिरवळला नीरा. मे महिना, त्यामुळे काहींच्या पुढे तिनं नुसती वाळू लिहिली. दुसऱ्या दिवशी दौंडला भीमा, मग राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा, कोपरगावला गोदावरी. मनमाडचे डोंगर ओलांडून मालेगावजवळ गिरणा, धुळ्याला पांझरा, शिरपूरच्या अलीकडे तापी, आणि शेवटी खलघाटच्या पुलावरून नर्मदा. परतीला पुण्यात मुठा मिळाली. सतरा नावं झाली वहीत. कृष्णा, भीमा, गोदावरी यांचं पाणी पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातं आणि गिरणेपासून पुढचं सगळं तापी-नर्मदेबरोबर पश्चिमेला, हे तिनं भूगोलात वाचलं नव्हतं. मनमाडजवळ अंकाई-टंकाईचे किल्ले दिसतात तिथल्या आसपासच पाणी कूस बदलतं. विमानातून हे दिसलं असतं का? खिडकीजवळची सीट मिळाली असती तर कदाचित, पण "थांबा ना, बघू या" असं वैमानिकाला म्हणता येत नाही.

शनिवारी केडगावला गेलो. दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव. नगर शहराला लागूनही एक केडगाव आहे, नकाशात नाव टाकताना जपा. रमाबाईंची गोष्ट आमच्या मुलांना संडे स्कूलमुळे तोंडपाठ आहे: बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगाव, आणि आयुष्याच्या शेवटी मूळ भाषांवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, ते इथल्याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, बाई गेल्या. हे सगळं परीक्षेत येतं.

त्यांचं बालपण मात्र परीक्षेत येत नाही, आणि आम्ही गाडीत त्याबद्दलच बोललो. १८५८ मध्ये गंगामूळच्या रानात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत देशभर तीर्थांच्या गावी फिरणारे, बिऱ्हाड पाठीवर. रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या नाहीत. आईनं त्यांना संस्कृत शिकवलं ते वाटेवर, बिऱ्हाडाचं सगळं करता करता. ज्या विद्येसाठी १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना मान दिला, ती विद्या रस्त्यातली. आणि रस्ता काही सहलीचा नव्हता. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण भुकेनं आणि आजारानं गेली. भाऊ-बहीण दोघं उरली आणि चालतच राहिली. मुलीनं विचारलं, "मग त्यांना रस्त्याचा राग नाही आला?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, एवढं आम्ही तिला सांगितलं. ती बराच वेळ बाहेर बघत होती.

आपल्या गावाचंही सांगायला हवं. बाबा पदमनजी बेळगावचे, जन्म १८३१. त्यांचं १८५७ चं 'यमुनापर्यटन' हे मराठीतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांमध्ये गणलं जातं, बरेच अभ्यासक तर पहिलीच म्हणतात. त्यात काय आहे? एक तरुण नवरा-बायको प्रवासाला निघतात, आणि गावोगाव भेटणाऱ्या विधवांची दुःखं त्यांना कळत जातात. म्हणजे बेळगावच्या एका ख्रिस्ती माणसानं मराठी कादंबरीची सुरुवातच कौटुंबिक प्रवासानं केली. कमिटीत कोणी पुन्हा पेट्रोलचा विषय काढला तर आम्ही हे सांगणार आहोत.

रविवारी नगरला उपासनेला बसलो. अहिल्यानगर आता, पण जुन्या मंडळींच्या तोंडी नगरच. १८३१ पासून तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक नि लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली मोठी वर्षं त्याच गावातली. त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही काही काम नव्हतं. दाराशी उभं राहायचं नव्हतं, माइक बघायचा नव्हता. आम्ही चौघे एका बाकावर बसलो, एकाच 'उपासना संगीत'मध्ये बघून टिळकांचं गीत म्हटलं, आणि मुलगा चक्क बेसमध्ये गातो हे त्याच्या आईला तेव्हा कळलं. आवाज केव्हा फुटला, केव्हा बसला? कॉयरमध्ये ती पुढे असते, तो मागे टेबलावर.

टिळकांच्या बाबतीत एक आठवण द्यायला हरकत नाही. नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं जाताना डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्यानं त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याची एक सुरुवात त्या डब्यात आहे. त्या गृहस्थाला कुठलंही शिबिर भरवायचं नव्हतं. समोरासमोर दोन बाकं होती आणि दोघांनाही उतरायला अवकाश होता.

आता ज्यासाठी हे सारं लिहितोय तिथे येतो. मुलाला विचारून लिहितोय. त्यानं मजकूर वाचलाय आणि दोन वाक्यं खोडलीत.

रविवारी दुपारी नगर सोडलं. मालेगावच्या पुढे अंधार पडला. मुलगी मागे आईच्या मांडीवर झोपलेली, मुलगा पुढे नकाशा धरून. बऱ्याच वेळानं तो समोर बघतच म्हणाला, "पप्पा, मी यंदा दृढीकरणाला उभा राहणार नाही."

दृढीकरणाचा वर्ग त्यानं पूर्ण केलाय. नाव यादीत आहे. कपड्यांचं माप द्यायचं राहिलं होतं तेवढं. आजी-आजोबांनी घड्याळ घेऊन ठेवलंय. चर्च कमिटीतल्या माणसाचा मुलगा. घरी त्यानं हे म्हटलं असतं तर काय झालं असतं हे आम्हाला माहीत आहे: एकाची पाळी, एकीची ड्यूटी, "उद्या बोलू", आणि उद्या शुक्रवार, प्रॅक्टिस. गाडीत तसं करता येईना. धुळं अजून चाळीस किलोमीटर होतं. कोणी उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नव्हतं. शिवाय गाडी चालवणाऱ्याला रस्त्याकडे बघावंच लागतं, त्यामुळे मुलाला बापाच्या नजरेला नजर द्यावी लागली नाही. आमच्या मते याचा फार उपयोग होतो. आपण मुलांना समोर बसवून, "बघ माझ्याकडे" म्हणून बोलायला लावतो. शेजारी बसून, दोघांनीही पुढे बघत, मुलं जास्त बोलतात.

आम्ही फक्त विचारलं, का. तो म्हणाला, उभं राहून सगळ्यांसमोर जे वचन द्यायचं ते त्याला अजून खरं वाटत नाही. प्रश्नांची उत्तरं पाठ आहेत. प्रार्थना म्हणताना मात्र आपण कोणाशी बोलतोय असं वाटत नाही. विश्वास नाही असंही नाही. "पण सगळे उभे राहतात म्हणून उभं राहायचं हे खोटं होईल ना?" मागून आईनं विचारलं, कधीपासून असं वाटतंय. दीड वर्षापासून, तो म्हणाला. दीड वर्ष हा मुलगा दर रविवारी मंडळीचा माइक सांभाळत होता.

पुढच्या चाळीस किलोमीटरमध्ये त्याचं समाधान झालं, असं सांगायला आम्हाला आवडलं असतं. तसं झालं नाही. आम्हाला जे येत होतं ते सांगितलं. थोमाची गोष्ट त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. बापानं आपल्या एका काळाबद्दल सांगितलं, कारखान्यात मित्राचा हात गेला तेव्हाच्या. ते त्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं, पत्नीलाही पहिल्यांदाच कळलं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. धुळ्यात पोचल्यावर मुलानं विचारलं, "जेवायला मिळेल ना?" ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी मिळाली, आणि त्यानं तीन भाकऱ्या खाल्ल्या.

इंदूरला आठवडाभर होतो. तिकडे होळकरांच्या काळापासून मराठी घरं, पण आमच्या माहेरच्यांचं चर्च हिंदी. दुसऱ्या रविवारी हिंदी उपासनेत बसलो. आजीचं वय ब्याऐंशी, तिला नावं आठवत नाहीत, पण हिंदी उपासनेत ती देवाची प्रार्थना मराठीतच म्हणते, मोठ्यानं, आणि शेजारचे तिच्यासाठी सावकाश म्हणतात. नातू तिच्या शेजारी बसला होता. तिनं त्याला तीनदा विचारलं, तू कोणाचा. त्यानं तीनदा सांगितलं. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी तिच्याजवळ बसणं, संध्याकाळी तिचे पाय दाबणं, असे दिवस गेले. विमानानं गेलो असतो तर रजा वाचवायच्या नादात दोन दिवसांत परत फिरलो असतो. रस्त्यानं इतक्या लांब गेलेला माणस दोन दिवसांत परत निघत नाही.

परत आल्यावर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलाला बोलावून घेतलं, आणि बाहेर आल्यावर आम्हाला एवढंच म्हणाले, की यंदा नाव राहू दे, तो म्हणेल तेव्हा लावू. आम्ही त्यांचे आभारी आहोत. मंडळीत कुजबुज आहे, कानावर येते. त्यांना आमचं सांगणं आहे की तो मुलगा आज घरात जास्त बोलतो. बायबलबद्दल वादही घालतो, इय्योबाच्या पुस्तकावर तर रात्री अकरापर्यंत. दृढीकरणाला न उभा राहणारा पण वाद घालणारा मुलगा, आणि उभा राहून गप्प झालेला मुलगा, यात आम्हाला पहिला हवा आहे. तो कधी उभा राहील, राहील की नाही, हे आम्हाला माहीत नाही. आम्ही त्यासाठी प्रार्थना करतो आणि त्याला ते सांगतो.

एक आक्षेप खरा आहे. गाडी सगळ्यांकडे नाही, आणि अकरा दिवसांची रजा तर फारच थोड्यांना. रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या बांधवांना अकरा दिवस म्हणजे अकरा दिवसांची चूल. आमची गाडीही नऊ वर्षांची, पेट्रोल आणि टोलचे पैसे आम्ही वर्षभर बाजूला टाकले. म्हणून आमचा आग्रह गाडीचा नाही, इंदूरचाही नाही. मिरजेला बसनं जा. सकाळची पॅसेंजर पकडून कोणाच्या गावी जा, दोन दिवस राहा. फक्त सगळे मिळून जा, वाट लांबची असू द्या, आणि फोन पिशवीत. मंडळीत ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी मे महिन्यात चार दिवस दुसऱ्या कुटुंबाला गाडी दिली तर तेही दानच आहे. आम्ही आमची देऊ. क्लच जरा जड आहे, एवढं सांगून ठेवतो.

दुसरा आक्षेप, मंडळीचं काम कोण करणार? याला उत्तर आहे. मार्कच्या सहाव्या अध्यायात शिष्य सेवेवरून परत येतात, माणसांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही, आणि प्रभूच त्यांना म्हणतो की चला, एकांतात जाऊन जरा विसावा घ्या. पुढे लोकसमुदाय तिथेही पोचतो, ते खरं. पण सांगणारा प्रभूच होता, आणि काम तेव्हाही पडलंच होतं. आपल्याकडे सेवेकऱ्याला विसावा घ्यायला सांगणारं कोणी नाही. आपण त्याला फक्त विचारतो, कुठे होता?

तेव्हा पुढच्या कमिटीच्या बैठकीत आम्ही हा विषय लेखी ठेवला आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून शाळा उघडेपर्यंत प्रत्येक सेवेकरी कुटुंबाला सलग दोन रविवार मोकळे, पाळीपाळीनं. त्या काळात त्यांना मंडळीच्या कामासाठी फोन करायचा नाही. ज्येष्ठ मंडळींनी आणि तरुण संघानं बदली घ्यायची. आणि वर्षातला कोणताही एक रविवार असा, की सेवेकरी आपल्या घरच्यांसोबत बाकावर बसतील. थैल्या त्या दिवशी दुसरं कोणी फिरवेल.

ज्या ज्येष्ठ बंधूंनी आम्हाला स्पष्ट बोलून दाखवलं, त्यांनी हे वाचलं तर त्यांना विनंती की बैठकीला जरूर यावं आणि तिथेही स्पष्ट बोलावं. बदलीसाठी नावं द्यायची असतील त्यांच्यासाठी दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवला आहे. दाराशी उभं राहायला आणि साउंडच्या टेबलाला माणसं मिळाली आहेत. कॉयरला दोन सोप्रानो अजून हव्यात.